डॉनलची चाळीस मिनिटं

लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधलं आमचं सगळं क्लोनडॉकिन पायजम्यात होतं, आमचे शेजारी डॉनल सोडून. चौऱ्याऐंशीव्या वर्षी हे गृहस्थ सकाळी सहाला बुटांच्या नाड्या बांधून, कोटाची बटणं लावून दारातल्या खुर्चीत हजर. "कुठे निघालात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कुठेच नाही. पण बोलावलं तर?"

ही सवय धंद्यातली. तरुणपणी कॅनडात ते आइस हॉकीचे पगारी गोलकीपर होते, पण राखीव. तेव्हा प्रत्येक संघाकडे गोलकीपर एकच. तो जायबंदी झाला की मैदानाने नेमलेला राखीव उतरायचा, संघ घरचा असो की पाहुणा. डॉनल सात वर्षं पॅड बांधून प्रेक्षकांत बसले. उतरले एकदाच, चाळीस मिनिटं.

"कंटाळा नाही आला?"

"तू काय करतोस रे कंपनीत?"

"सिस्टिम बंद पडली तर चालू करतो. ऑन-कॉल असतो."

"म्हणजे तूही राखीवच की!"

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. गावात सत्कार झालाय माझा. लागलं मला. पण वर्षभर घरातून काम करून असा थकलो होतो, की वाद घालायचं त्राण नव्हतं.

ती चाळीस मिनिटं मात्र त्यांनी फार उशिरा सांगितली. पाहुण्यांचा गोलकीपर पडला आणि डॉनलना त्यांच्याकडून उतरावं लागलं, कॅनडातल्या स्वतःच्याच गावाविरुद्ध. समोर थोरला भाऊ टॉम. शेवटच्या मिनिटाला टॉमने मारलेली चकती, म्हणजे त्या खेळातला चेंडूच, त्यांनी अडवली. टॉम म्हणाला, आत गेली होती, गोल झाला. पंचांनी मानलं नाही. गाव एका गोलने हरलं. टॉमने तेव्हापासून बोलणं टाकलं. म्हातारपणी दोघेही आयर्लंडला परतले, तरी नाही.

"रेषेला शिवलीसुद्धा नव्हती," डॉनल खुर्चीवर थाप मारून म्हणाले. "वीतभर बाहेर!"

फेब्रुवारीत डॉनलच्या लँडलाइनवर पुतणीचा फोन आला. टॉम दूर स्लायगोला इस्पितळात, आशा कमी. आणि आम्हांला घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी. व्हिडिओ कॉलसाठी मी कुंपणावरून माझा मोबाइल दिला.

पडद्यावर ऑक्सिजन लावलेला म्हातारा. टॉमने मास्क बाजूला केला.

"आत होती."

डॉनलनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"आत होती, टॉम. चांगली हातभर."

"मग हे सांगायला साठ वर्षं लागली, गाढवा?" टॉम हसला, खोकला. "तिकडे पाऊस आहे का रे?"

"छे. लख्ख ऊन आहे."

त्यांच्या घरात रेंज नसते. आत गेले असते तर टॉम दिसेनासा झाला असता. म्हणून ते तिथेच, कुंपणापाशी, पावसात भिजत बोलत राहिले.