नंबर लावल्याशिवाय उजेड नाही

या, असे जवळ सरका. एक आख्यान सांगतो. हसत ऐका, पण अर्ध्यावर उठू नका.

स्वीडनमधल्या सुंडस्वालला आमची चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी आहे. संकटकाळी घरोघरी काय तयारी असावी याची सरकारी पुस्तिका आली आणि तीन बैठका व अकरा थर्मास कॉफी खर्ची घालून ठराव झाला : हाताने उचलता येईल असा एक जुना जनरेटर घ्यावा. कारण सबळ होतं. तिसऱ्या मजल्यावरची इंगेगेर्ड शहाऐंशी वर्षांची. तिचा श्वास प्राणवायूच्या यंत्रावर चालतो, आणि वीज गेली की त्याची बॅटरी जेमतेम दोन तास टिकते.

जनरेटर आला तो बंद पडलेल्या एका मत्स्यपालन केंद्रातून, अगदी मुका. दुरुस्तीला बसला तोइवो. मूळचा फिनलंडचा, कागद गिरणीतून निवृत्त झालेला फिटर, बोलणं तोलूनमापून. त्यानं शिळं पेट्रोल ओतून टाकलं, कार्ब्युरेटरमधला चिकटा धुतला, ऑइल आणि स्पार्क प्लग बदलला. चोक ओढून दोरीला हिसके दिले. चौथ्या हिसक्याला यंत्र खोकलं, पाचव्याला बोलू लागलं. किटली आणि हीटर एकदम जोडून त्यानं मीटर पाहिला. दोनशे तीस व्होल्ट.

"झालं," तोइवो म्हणाला.

"झालं कसं?" अध्यक्ष उल्ला-ब्रिटनं विचारलं. "या चाचणीला नंबर कुणी लावला होता?"

आमच्याकडे माणूस लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण सामायिक धुलाईखोलीतला आपला नंबर विसरणार नाही. ती शिस्त जनरेटरलाही लागू झाली. धुलाईखोलीच्या भिंतीवरच्या संगणकाच्या पडद्यावर नाव नोंदवायचं, मग सायकलखोलीचं विजेवरचं कुलूप उघडतं आणि आतल्या जनरेटरची चाचणी घेता येते. तीन महिन्यांत बावीस चाचण्या झाल्या. प्रत्येकीपुढे शेरा 'समाधानकारक'. एकीत तर वॉफलही भाजले गेले.

डिसेंबरात वादळ आलं आणि दुपारी तीनला, म्हणजे इथं अंधार पडायच्या वेळी, वीज गेली. सगळे कपाळाला टॉर्च बांधून खाली धावले. पडदा काळाठिक्कर.

"नंबर लावल्याशिवाय खोली उघडत नाही," कोणीतरी म्हणालं.

"पडद्याला वीज लागते."

"वीज जनरेटर देईल ना!"

"तो खोलीत आहे."

उल्ला-ब्रिटनं बाहेर अंगणात, बर्फातच, तातडीची सभा बोलावली. कुलूप तोडावं यावर एकमत झालं. मात्र इतिवृत्त तपासून सही करायला दोन सभासद लागतात, आणि पेनातली शाई गोठली होती. पेन काखेत धरून ऊब देण्यासाठी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर झाली. दुसरा तास सरत आला होता.

वर खिडकी उघडली. "अरे, माझीच... शोकसभा ना?" इंगेगेर्ड धापा टाकत म्हणाली. "माझं मत लिहा... लवकर उरका की लेको!"

तोइवो पहार घेऊन आला.

"तोइवो, थांब! सह्या व्हायच्यात!"

"करा की सावकाश. मी तोवर दार उघडतो."

कुलूप पडलं. धूर घरात जाऊ नये म्हणून त्यानं जनरेटर लांब अंगणात ओढला आणि दोरीला हिसका दिला. पहिल्याच हिसक्याला सुरू. वायर वर गेली, इंगेगेर्डच्या खिडकीत हिरवा दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पाव तासात जनरेटरपाशी चौदा वायरी आल्या. कॉफीच्या यंत्रांच्या.

तोइवोनं त्या एकेक करून बाजूला फेकल्या. "आधी तिचा श्वास. तुमची कॉफी नंतर."

इतकं उद्धट आमच्या अंगणात आजवर कोणी बोललं नव्हतं.

जानेवारीत तोइवोला पत्र गेलं : नोंदणीशिवाय वीजनिर्मिती केल्याबद्दल सहा महिने नंबर लावण्यास मनाई. सायकलखोलीला नवं कुलूप बसलं. पहारीला न जुमानणारं. पत्राखाली बावीस सह्या होत्या. तोइवोची नव्हती, इंगेगेर्डची नव्हती. माझी होती.

हसलात ना? छान. आता घरी गेल्यावर, तुमच्या इमारतीतल्या आग विझवायच्या नळाची किल्ली कुणाच्या खिशात आहे, तेवढं विचारून घ्या. आणि तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावाल, त्याला अजून नंबर लावावा लागत नाही, तेव्हा एकदा तोइवोची आठवण काढा.