एक कॉट वाफा, एक ट्रॉली पाचट

लग्नाच्या एकतीस वर्षांत शांतवन सरांनी कृपाबाईंच्या बागेत एकदाच हात घातला होता. त्या दिवशी आपण उपटलं ते गवत नव्हतं, हे त्यांना रात्री जेवताना कळलं. (आमटीत कोथिंबीर नव्हती आणि कृपाबाई फार गोड बोलत होत्या.) तेव्हापासून नगरच्या सावेडीतल्या त्या छोट्या घराची न बोलता वाटणी झाली. आतली पुस्तकं सरांची, बाहेरची माती बाईंची.

मागच्या मे महिन्यात कृपाबाई गेल्या. सरांनी वाटणी त्यानंतरही पाळली. शेजारच्या मालनबाई भिंतीवरून पाइप टाकून वाफ्याला पाणी देत, आणि सर आत बसून दहावीच्या भूमितीचे पेपर तपासत. बाहेर पाहायची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

ती वेळ आणली एंजेलाने. एंजेला ही त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करणारी. एप्रिलच्या मध्यावर तिचा फोन आला.

"पप्पा, चार तारखेला आईला वर्ष होतंय. कबरीवर विकतचा हार न्यायचा नाही हं. आईचाच मोगरा न्यायचा. आलाय ना बहर?"

"आलाय की," सर म्हणाले आणि फोन ठेवून, आपण खोटं बोललो की काय ते पाहायला बाहेर गेले.

बोलले होते. मालनबाई भाचीच्या लग्नाला पारनेरकडे गेल्या होत्या, त्याला दहा दिवस झाले होते. मोगऱ्याची पानं हळद लागल्यासारखी पिवळी पडली होती. कळ्या बाजरीच्या दाण्याएवढ्या होऊन तिथेच थांबल्या होत्या. जमीन अशी तडकली होती की भेगांमधले कोन मोजता यावेत. (सरांनी दोन मोजले. तीस वर्षांची सवय.)

मग ते आत गेले, दोन बादल्या भरून आणल्या आणि दुपारी एक वाजता मोगऱ्याच्या डोक्यावर ओतल्या. नेमक्या त्याच वेळी मालनबाई पिशव्या घेऊन रिक्षातून उतरत होत्या.

"अवो सर! भर उन्हाचं पानी घालताय व्हय?"

"तहान लागली असेल त्याला."

"तुमाला तहान लागल्यावर कुनी तव्यावर बसवून पाजतं का? हे पानी आत्ता वाफ हून जाईल. मातीवर काय तरी पांघरून पायजे. कृपाबाई दर उन्हाळ्याला घालायच्या की..." आणि मालनबाईंनी एकदम तोंडाला पदर लावला.

"काय घालायच्या?"

"मला काय ठाव? मी आपली लग्नास्नं दमून आलीया."

कृपाबाई वाफ्यात जे काही करायच्या ते मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये सरांचं डोकं पेपरांच्या गठ्ठ्यात असायचं. त्यामुळे त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. आता अठरा दिवस उरले होते. सरांचा स्वभाव असा, की ज्या विषयात आपल्याला कळत नाही त्यात तज्ज्ञ बोलवावा. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला एक कागद चिकटवलेला होता: 'प्रोफेशनल मल्चिंग. अनुभवी टीम. उन्हाळ्यावर खात्रीशीर मात.' सरांनी नंबर लावला. पलीकडे हर्षल नावाचा मुलगा होता, शेतीची पदवी घेतलेला.

"सर, क्षेत्र किती आहे?"

"फार नाही."

"म्हणजे एकर? का गुंठ्यात?"

सरांनी खिडकीतून पाहिलं. "एका कॉटएवढं."

"सिंगल का डबल?"

"सिंगल."

"नो प्रॉब्लेम सर. आमच्यासाठी प्रत्येक क्लायंट सारखाच. उसाचं पाचट टाकू, वाळलेला पाला. एक नंबर आच्छादन. फक्त आमची मिनिमम ऑर्डर एक ट्रॉली असते. चालेल ना?"

"चालेल," सर म्हणाले.

आता, सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड थराचं घनफळ सहा घनफूट होतं. ट्रॉलीत तीनशे घनफूट तरी मावतं. हे गणित शांतवन सरांचा नापास होणारा विद्यार्थीसुद्धा करील. पण तज्ज्ञासमोर माणूस होय म्हणून बसतो आणि गणित नंतर आठवतं. सरांना ते गुरुवारी सकाळी आठ वाजता आठवलं, जेव्हा गल्लीच्या तोंडाशी उजेड कमी झाला.

पाचटाचा एक डोंगर हलतडुलत गल्लीत शिरत होता. दोन्हीकडच्या भिंती घासत, शेवग्याच्या शेंगा तोडत तो सरांच्या फाटकापर्यंत आला आणि थांबला. डोंगराच्या पुढे ट्रॅक्टर होता, आणि ट्रॅक्टरवर लुगड्यावर पुरुषी शर्ट घातलेली, पन्नाशीची एक बाई होती.

"मल्चिंग तुमीच मागवलं ना?"

"हो. टीम कुठे आहे?"

"मीच. लंकाबाई. हर्षलची आई. पोरगं मोबाईलवर आसतं, मी रानात आसते." तिने मान वळवून घराच्या मागे-पुढे पाहिलं. "रान कुठं हाय?"

सरांनी वाफा दाखवला. लंकाबाईंनी एकदा वाफा पाहिला, एकदा ट्रॉली पाहिली आणि शेवटी सरांना पाहिलं.

"सर, शाळेत तुमी काय शिकवता?"

"भूमिती," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा कमीच लागला.

मालनबाई भिंतीवर कोपर टेकून उभ्याच होत्या. "लंकाबाई, ओता हितंच. सर त्यात बसून पेपर तपासतील."

ट्रॉली ओतली गेली. फाटक नाहीसं झालं. समोरच्या मोनिका मॅडमची स्कूटर हँडलपर्यंत बुडाली. मागून घंटागाडी आली, ती अडकली, आणि स्वच्छतेचं गाणं एकाच ठिकाणी उभं राहून वाजू लागलं. पाचव्यांदा ते गाणं सुरू झालं तेव्हा गल्लीतली सगळी दारं उघडली. तेवढ्यात वारा सुटला. एप्रिलमध्ये नगरचा वारा काही आणायला येत नाही, न्यायला येतो. त्याने पाचट उचललं आणि वाळत घातलेल्या चादरींवर, पापडांवर, पाण्याच्या टाक्यांत निःपक्षपातीपणे वाटलं.

"सर, हे काय मांडलंय तुम्ही?" समोरून मोनिका मॅडम ओरडल्या.

"मल्चिंग," सर म्हणाले. "प्रोफेशनल."

लंकाबाईंना मात्र या गोंधळाचं काही नव्हतं. त्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या होत्या. "वर काय घालायचं ते मागनं. आदी खाली काय हाय ते बघू." त्यांनी खुरपं मारलं. वरचा दोन बोटांचा कडक पापुद्रा निघाला आणि खालून काळीभोर, भुसभुशीत माती आली.

"अगं बया! ह्या मुरमात गांडूळ?" लंकाबाईंनी ओंजळभर माती वर धरली. त्यात खरोखर काहीतरी वळवळत होतं. "सर, ह्या गल्लीत दुसऱ्या कुनाच्या वाफ्यात गांडूळ सापडलं तर मी ट्रॅक्टर विकीन. हितं कुनीतरी लई वर्सं राबलंय."

खुरपं पुन्हा गेलं आणि या वेळी कशालातरी खरडलं. लंकाबाईंनी दोन बोटांनी एक चौकोनी तुकडा ओढून काढला, शर्टाला पुसला आणि उजेडात धरला. हनुवटीखाली बोट ठेवून, कोट घातलेला एक गृहस्थ त्यातून गंभीरपणे पाहत होता.

"ह्ये कोन?" त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "ह्ये तर तुमी!"

आणखी एक निघाला. मग आणखी तीन. सगळ्यांनी हनुवटीखाली बोट धरलेलं होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. दहा वर्षांपूर्वी शांतवन सरांनी स्वतःच्या खर्चाने 'सुलभ भूमिती मार्गदर्शिका' काढली होती. पाचशे प्रती. मागच्या पानावर फोटो, आणि मुखपृष्ठ टिकावं म्हणून वर चकचकीत प्लास्टिकचा थर, हा सरांचाच आग्रह. पुस्तक छापून आलं त्याच वर्षी अभ्यासक्रम बदलला. (पायथागोरस बदलला नव्हता, पण हे पालकांना पटवता आलं नाही.) गठ्ठे माळ्यावर गेले. पण पुढच्या वर्षापासून सरांच्या लक्षात आलं, की उन्हाळा संपला की माळ्यावरचा एखादा गठ्ठा कमी झालेला असतो.

"कृपा, पुस्तकं कमी झाली?"

"गरजूंना दिली," कृपाबाई म्हणायच्या आणि पोळी लाटत राहायच्या.

सरांनी मग पुढचं मनानेच रचलं. अकोले तालुक्यातल्या डोंगरात कंदिलाशी बसलेली मुलगी, पाथर्डीतला ऊसतोड कामगाराचा मुलगा, दोघांच्या हाती सुलभ भूमिती. सात वर्षांपूर्वी शिक्षकदिनाच्या सत्कारात तर त्यांनी भर सभेत सांगितलं, "माझ्या पुस्तकानं जिल्ह्यातल्या शेकडो गरजूंच्या आयुष्यात ओलावा आणला." समोर पहिल्या रांगेत बसलेल्या कृपाबाईंनी तेव्हा रुमालात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. बायकोला एवढं भरून आलेलं पाहून सरांनाही भरून आलं आणि भाषण दहा मिनिटं लांबलं.

आता सर हातात स्वतःचा मातकट फोटो घेऊन उभे होते.

"मालनबाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय," मालनबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पानं भिजवून आंथरायची, वर लिंबाचा पाला, वर माती. गठ्ठे उतरवाय मीच यायची. तुमी आत पेपर तपासत बसलेले."

"मला एका शब्दानं बोलला नाहीत!"

"बाईंनी शपथ घातली हुती. म्हनायच्या, सरांना कळाय नको, त्यांनी लई जीव लावून लिवलंय. आन् रद्दीत घालाय बाईंचा हात व्हईना. म्हनायच्या, मालनबाई, हितं तरी कुनाच्या तरी मुळाला लागंल."

कृपाबाई खोटं कधीच बोलत नसत. गरजूंना दिली, हे विधान सत्यच होतं. फक्त गरजू म्हणजे कोण, याची व्याख्या सरांनी विचारली नव्हती. मग त्यांना तो रुमाल आठवला, ते हलणारे खांदे आठवले, आणि त्या वेळी त्या रडत नव्हत्या हे सात वर्षांनी लक्षात आलं. त्यांनी तोंड फिरवलं. मालनबाईंना वाटलं, सर रडताहेत. लंकाबाईंना वाटलं, हसताहेत. दोघींचंही चुकलं नव्हतं.

"बरं, आसलं अजून हाय का?" लंकाबाईंनी विचारलं. "नुसतं पाचट वाऱ्यानं उडतंय. खाली भिजल्यालं कागद आसलं की बसतं. आन् ह्यो खालचा अर्धा कुजल्याला कागद मातीला लई ग्वाड हाय. बिगरशाईचा वाटतो."

"शाई कमी पडली होती छापताना," सरांनी कबूल केलं आणि शिडी आणायला गेले.

माळ्यावर चार गठ्ठे उरले होते. पहिला गठ्ठा सरांनी स्वतः सोडला. लंकाबाई सांगत गेल्या तसं ते करत गेले. आधी झारीने हळूहळू पाणी, माती पोटभर पिईपर्यंत. मग भिजवलेली पानं, एकावर एक. मग पाचट, वीतभर, दाबल्यावर चार इंच.

"खोडाला चिकटवू नका सर, त्याला गुदमारतं. चार बोटं मोकळी ठिवा भवतीनं."

सरांनी खोड मध्य धरून चार बोटांच्या त्रिज्येचं वर्तुळ आखलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं भूमितीचं ज्ञान कोणाच्यातरी उपयोगी पडत होतं.

उरलेल्या ट्रॉलीचा प्रश्न तक्रार करायला आलेल्या मंडळींनी सोडवला. "घिऊन जा की," लंकाबाई एकेकाला म्हणाल्या, "तुमच्या कुंड्यास्नी काय ऊन लागत न्हाई व्हय?" मोनिका मॅडम स्कूटर काढायला आल्या त्या दोन पोती भरून घेऊन गेल्या. घंटागाडीवाल्यानेही घरच्या कढीपत्त्यासाठी पोतं भरलं आणि गाणं बंद केलं. आणि पाचटाखाली कागद लागतो म्हटल्यावर प्रत्येक जण जाता जाता म्हणू लागला, "सर, तुमच्या पुस्तकाची एखादी प्रत असेल तर..."

दहा वर्षांत हे वाक्य सरांनी ऐकलं नव्हतं. सवयीने त्यांनी पहिल्या दोन प्रतींवर सहीसुद्धा केली. संध्याकाळपर्यंत आवृत्ती संपली.

मोगरा लगेच काही फुलला नाही. सर रोज सूर्य मावळल्यावर झारी घेऊन जात, पाचट बाजूला सारून मातीला बोट लावून पाहत. सहाव्या दिवशी बोटाला ओल लागली, आदल्या दिवशीची. दहाव्या दिवशी पिवळ्या पानांमागून एक हिरवं पान आलं. त्यानंतर कळ्या फुगू लागल्या.

एंजेला तीन तारखेला आली. सरांनी तिला सगळं सांगितलं, थोडं अडखळत. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पप्पा," ती म्हणाली, "हे तुम्हाला आत्ता कळलं?"

चार तारखेच्या सकाळी त्यांनी फुलं खुडली. एकवीस निघाली. हार होण्याइतकी नव्हती, म्हणून एंजेलाने ती आईच्या पांढऱ्या रुमालात बांधून घेतली. कबरीपाशी पास्टरांनी प्रार्थना केली, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना सरांनी तो रुमाल हळूच उलगडून दगडावर ठेवला. प्रार्थना संपली तेव्हाही त्यांचे खांदे जरा हलत होते. बाकीच्यांना वाटलं, सरांना भरून आलंय.

परत आल्यावर मालनबाई फाटकाशी वाट पाहत होत्या. त्यांनी पाचट घातलेला आपला वाफा दाखवला, कृपाबाईंच्या मोगऱ्यावरून हात फिरवला, एंजेलाच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि मग सरांकडे वळल्या.

"सर, एक इचारू? माळा तर रिकामा झाला. फुडच्या उन्हाळ्याला काय आंथरायचं?"

"बघू," सर म्हणाले.

"बघू काय? दुसरं पुस्तक लिवा. आता सगळी गल्ली वाट बघनार हाय."

सर किंचित ताठ झाले. बीजगणितावर दोन प्रकरणं त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत होती, हे खरं होतं.

"खरंच लिहू म्हणता?"

"लिवाच. चांगलं जाडजूड लिवा," मालनबाई म्हणाल्या. "फकस्त या बारीला मागं फोटू टाकू नका. बाकी समदं कुजतं, तुमी तेवढे कुजत न्हाई."