पुंजाजी भाऊंच्या गाडीतली फरशी

सकाळी सात वाजता पुंजाजी भाऊ माझ्या दारात काळ्या मातीच्या चिखलाने भरलेलं घमेलं घेऊन उभे होते. "गुरुजी, याच्यात पाय घाला," म्हणाले. मी आंघोळ करून शाळेचे कपडे घातले होते. पण मोताळ्यात ज्याच्या शेजारी पुंजाजी भाऊ राहतात, त्याने कारण विचारायचं नसतं. विचारलं की "पन समजा" सुरू होतं आणि पहिला तास बुडतो.

"पन समजा" हा भाऊंचा श्वास आहे. एसटी वेळेवर आली, तरी "पन समजा, घाटात बंद पडली तं?" माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात विचारलं, "पन समजा, नवरदेवाले ताप आला तं?" व्याही दिवसभर जावयाच्या कपाळाला हात लावून बघत होते.

असा माणूस जन्मभर ड्रायव्हर होता, हे एक नवलच. बियाण्याच्या एका कंपनीची प्रचाराची गाडी ते चालवत. बीटी कपाशी नवी होती त्या वर्षांत टपावर भोंगा लावून भाऊ गावोगाव फिरले. या कपाशीला बोंडअळीची भीती नाही, असं स्वतःच्या आवाजात सांगत. कंपनीने लिहून दिलेल्या त्या कागदात "पन समजा" कुठेच नव्हतं.

पुढे गाडी भंगारात निघाली, ती भाऊंनीच घेतली. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे आणि खाली लाल गालिचा. चाकांवरचं घरच ते. रिटायर झालेला माणूस देवदर्शनाला जाईल असं आम्हाला वाटलं. पण गाडी पहिल्यांदा बाहेर पडली, ती धामणगाव बढ्यापर्यंत.

तिथे त्यांची थोरली बहीण सुभद्राबाई एकटी राहते आणि अजून स्वतः कापूस वेचते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणखी लांबवलं तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाई ऑपरेशनला तयार नव्हत्या. भावाच्या घरी तर कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना दवाखान्यात न्यायला भाऊंनी गाडी थेट बांधाला लावली. बाई गाडीच्या दारापर्यंत आल्या, लालभडक गालिचा तेवढा त्यांना दिसला. "माये पाय मातीचे हायेत," म्हणाल्या आणि परत कपाशीत शिरल्या.

दुसऱ्या दिवशी गालिचा उखडला.

आधी भाऊंच्या मनात शहाबादी फरशी होती. मिस्त्री म्हणाला, एवढ्या वजनाने बुलढाण्याच्या वाटेवर राजूरच्या घाटात गाडीचे पाटे तुटतील. मग टाइल्स. नमुन्याच्या दोन लावून भाऊ स्टँडपर्यंत चक्कर मारून आले, तर दोन्हींचे तुकडे. शेवटी वॉटरप्रूफ प्लाय आणि वर सनमायका. आजची परीक्षा त्याचीच होती. मी चिखलाच्या पायांनी आत गेलो आणि तिसऱ्या पावलाला धाडकन आडवा झालो. भाऊंनी आधी फरशी पुसून पाहिली, मग मला उठवलं. डाग निघाला होता. "पन समजा, बाई घसरली तं?"

माझं डोकं फिरलं. पँट गेली होती, कंबर धरली होती. म्हणालो, "भाऊ, बाईंना डोळ्यांसाठी न्यायचंय की फरशी दाखवायला?"

भाऊ फडकं पिळत राहिले. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, तिनं मायाच आवाजावर पेरलं होतं. काही वर्सं बरी गेली, मंग गुलाबी अळी आली. बोंडं आतून पोकळ. मले एक शब्द बोलली नाही, फक्त यायची बंद झाली. थे भोंग्यावरचं बोलनं मले आता बदलता येत नाही. फरशी बदलता येते."

माझा राग जागीच विरला. मला माझीच लाज वाटली. शाळा बुडवून दुपारपर्यंत सनमायका खरवडून काढायला मीही बसलो, आणि त्या जागी बसमध्ये असते तसली खरखरीत शीट बसवली.

सोमवारी मी रजा टाकून सोबत गेलो. बाई कपाशीतून आल्या, दाराशी थांबल्या, चपला काढल्या. नीट दिसत नव्हतं म्हणून तळव्यानेच आतला अंदाज घेतला. भाऊ ड्रायव्हरच्या सीटला पाठ लावून उभे होते, घामाने निथळत. बाई आत आल्या. पलंगाकडे न जाता फरशीवरच पाय पसरून बसल्या आणि मातीचे दोन ठसे मागे तसेच राहिले.

"पेरलं म्या माया हातानं, पुंजा," त्या म्हणाल्या. "तू काऊन तोंड लपवतं?"

भाऊ बहिणीजवळ खाली बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. मी घड्याळ पाहिलं. अकराच्या आत बुलढाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं होतं. घसा खाकरून म्हणालो, "भाऊ, निघायला हवं."

"बसू द्या त्याले, गुरुजी," बाई म्हणाल्या. "लय वर्सांचा उभा हाये थो."