ओपलीनबाईंच्या कमरेचा फुगवटा

“मला या घरातून हलवणारा अजून जन्माला यायचाय,” असं ओपलीनबाईंनी ठणकावून सांगितलं. ज्याला सांगितलं त्याला त्यांनीच जन्म दिला होता, पण रागाच्या भरात एवढं कोण बघतं!

हा मुलगा म्हणजे रॉयस. लबक शहरात मोठं घर, समंजस बायको, आणि त्या घरात आईसाठी रंगवून तयार ठेवलेली एक खोली. मेस्किट वेल्स गावाबाहेर, जिथून शेजाऱ्यांचा दिवा दिसतो पण त्यांना हाक ऐकू जात नाही, अशा जागी सत्तरी ओलांडलेल्या आईनं एकटीनं राहावं हे त्याला पटत नव्हतं. त्यातून नुकतीच पलीकडच्या रँचवर चोरी झालेली. बाईंचं म्हणणं सरळ होतं. नवऱ्याला इथूनच निरोप दिला, आपणही इथूनच जाणार. बंदूक घेईन, कमरेला लावीन आणि राहीन.

रॉयसनं शेवटी एक अट घातली. म्हातारीकडे बंदूक आहे हे गावाला कळलं तर चोर त्या बंदुकीसाठीच येतील. तेव्हा आठवडाभर गावात वावरायचं, बंदूक अंगावर ठेवून. पुढच्या रविवारच्या प्रार्थनेपर्यंत दुकानदार वगैरे सोडून एकाही माणसाला पत्ता लागला नाही तर आई जिंकली. लागला तर त्याच दुपारी सामान गाडीत. बाईंनी हातावर हात मारला. तोंडावर ताबा ठेवायचा एवढंच ना? त्यांना वाटलं, खेळ सोपा आहे.

बंदुकीच्या दुकानात हॉयटनं त्यांच्यापुढे गुलाबी रंगाचं एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर ठेवलं. बायकांसाठी खास, हलकंफुलकं, असं म्हणाला. बाईंनी विचारलं, चोर गुलाबी रंगाला घाबरतो का? तरी मागच्या आवारात जाऊन त्यांनी ते झाडून पाहिलं, आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला. बंदूक जितकी हलकी तितकी ती चालवणाऱ्याला जास्त लाथ मारते, हे बंदूक विकणाऱ्यांना माहीत असतं, पण बाईमाणूस समोर आलं की ते विसरतात. मग हॉयटनं चपटं पिस्तूल दिलं. गोळी चढवण्यासाठी त्याचा वरचा भाग मागे ओढायला बाईंची सांधेदुखीनं गांजलेली बोटं काही केल्या तयार होईनात. दुकानातले दोन बाप्ये सल्ले द्यायला सरसावले. बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते आपापल्या कामाला लागले.

“ते खालचं काढ,” बाई म्हणाल्या. “काळं. मोठं.”

“ते पोलादी आहे, सिस्टर ओपलीन,” हॉयट चर्चमधल्या सवयीनं म्हणाला. “चार इंची नळी. ते तुम्ही लपवणार कुठे?”

“तू विक. लपवायचं माझं मी बघते. तुम्ही तिघं फक्त तोंड बंद ठेवा.”

त्या धुडानं लाथ मारली नाही, आणि बाईंच्या गोळ्या कागदी चोराच्या छातीत जाऊन बसल्या. निवड अगदी योग्य झाली होती. अडचण पँटची होती. बाईंच्या सगळ्या पँट्स इलॅस्टिकच्या, आणि चामडी खोळीसकट ते पोलाद लावलं की पँट गुडघ्यांच्या दिशेनं निघायची. बाई हटल्या नाहीत. नवऱ्याचा जाड पट्टा कपाटातून काढला, त्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली, वरून फुलाफुलांचा ढगळ ब्लाऊज घातला आणि गावात गेल्या.

उजव्या कमरेवर नारळाएवढा फुगवटा घेऊन त्या वाण्याकडे गेल्या, पोस्टात गेल्या, केस सेट करायला गेल्या. कोणी काही विचारलं नाही. फक्त लोक अचानक फार गोड वागू लागले. वाण्यानं पिशवी स्वतः गाडीत नेऊन ठेवली. बायका मिठी मारायच्या त्या डाव्या बाजूनं, जपून. बुधवारी दारात पहिलं भांडं आलं, नूडल्स आणि चिकन, वर चीजचा थर. गुरुवारी आणखी चार. शुक्रवारी फ्रीजचं दार लागेना.

उलगडा केला वायनेल क्रेब्सनं. गावातल्या प्रार्थनेच्या साखळीची ती प्रमुख. कोणी आजारी पडलं की ती एकीला फोन करायची, ती दुसरीला, आणि तासाभरात सगळं गाव देवाला साकडं घालायचं आणि आजाऱ्याच्या दारात जेवण पोचवायचं. हिरव्या शेंगांचं भांडं टेबलावर ठेवून ती बाईंच्या कमरेकडे न बघता म्हणाली, “माझ्या दिरालाही आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचासाठी अशीच पिशवी लावली होती हो. छान जगला.”

गाव आपल्याला आजारी समजतंय, हे बाईंना आता कळलं. खरं सांगावं तर घर जातं. गप्प बसावं तर ही बातमी ऐकून रॉयस आजारी आईला उचलून नेणार.  त्यांनी शेंगांबद्दल आभार मानले.

रविवारी रॉयस रडून लाल झालेले डोळे घेऊन चर्चमध्ये हजर. आई एवढं सोसत होती आणि मी पैजा लावत बसलो, असं तो दिसेल त्याला सांगत होता. ट्रकमध्ये रिकामी खोकी होती. बाई त्याला कोपऱ्यात घेऊन काही सांगणार, तेवढ्यात चर्चचे पाद्री ब्रदर ल्यूथर यांनी त्यांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना आजारी भगिनीवर हात ठेवून प्रार्थना करायला सांगितलं. बाई मागे सरकल्या, पण सरकायला जागा कुठे होती! डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हातच हात. आणि वायनेलचा, मायेनं थेट दुखऱ्या जागेवर.

तो हात थांबला. त्यानं चाचपलं. पुन्हा चाचपलं.

“ब्रदर, प्रार्थना आवरा,” वायनेल म्हणाली. “ही बंदूक आहे.”

 रॉयसच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि मग तो हळूच म्हणाला, “आई, हरलीस तू.”

“हरले?” बाईंनी कमरेवर हात ठेवले. “आठवडाभर सगळ्या गावानं बघितलं आणि माझं आतडं कापून मोकळं झालं. बंदूक एकीला सापडली, तीही अंगावर हात ठेवला तेव्हा. चोर इतक्या जवळ आला ना, तर प्रार्थना त्याच्यासाठी करावी लागेल. मी घर सोडणार नाही. खोकी घेऊन जा, आणि जाताना ती भांडीही ने. मला एवढं जात नाही.”

मागच्या बाकावर हॉयट आधी हसला, मग ब्रदर ल्यूथर, मग सगळेच. शेवटी रॉयसनं हात टेकले. बरं बाई, राहा, म्हणाला, पण रोज फोन कर.

हसत नव्हती फक्त वायनेल. तिनं आपला कोट बाजूला केला. उजव्या कमरेला, अगदी त्याच जागी, तिचंही रिव्हॉल्व्हर होतं.

“किती वर्षं झाली लावतेय मी,” ती म्हणाली. “मला कुणी साध्या वाटीभर शेंगा आणून दिल्या नाहीत.”