भाऊंची सुरी आणि साहेबाचा कायदा

या, पुढे या. दारात उभं राहून बोललेलं मला ऐकू येत नाही. बसा इथे, माझ्याजवळ. आधी रागावून घेते, मग चहा टाकते. पिशवीत काय आणलंत हे? कापलेली पपई? दुकानातून, डब्यात भरून, वर प्लास्टिक ताणून? अहो, अख्खी आणायची, मी कापली असती. घरात सुरी नसल्यासारखं काय करता? नशीब तुमचं, आज दत्तूभाऊ इथे नाहीत.

दत्तूभाऊ तुम्हाला माहीत नाहीत? मग ऐकाच.

हा माणूस कोणाच्या घरी गेला की आधी माणसांकडे बघत नाही. सरळ स्वयंपाकघरात जातो. ओट्यावरची सुरी उचलतो, अंगठा आडवा फिरवतो, मग डाव्या मनगटावरचे केस त्या सुरीने तासून बघतो. गेले, तर ठीक. नाही गेले, तर बाहेर येऊन एकच शब्द: "बोथट." त्यानंतर नमस्कार, कसे आहात, पाणी वगैरे. त्यांच्या डाव्या मनगटावर आता केस असे नाहीतच. घड्याळ उजव्या हातात बांधतात, तपासणीला जागा मोकळी राहावी म्हणून.

आमच्या वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं, त्यांच्या सत्यनारायणाला भाऊ गेले. गुरुजींचा संकल्प चालला होता, यजमानांच्या हातात पळी होती, आणि आतून भाऊ सुरी घेऊनच बाहेर आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बोथट. प्रसादाची केळी चिरडलीत तुम्ही." त्या नव्या सुनेचं तोंड एवढंसं झालं. पण पूजा आटपल्यावर भाऊंनी खिशातून धारेचा दगड काढला, मोरीपाशी बसले आणि त्या घरातल्या चारही सुऱ्यांना धार लावून दिली. आता ती सून त्यांना बघितलं की आधी पाण्याचा तांब्या आणते.

बोथट हा शब्द त्यांना सगळीकडे चालतो. चहा पातळ झाला, बोथट. नगरसेवकाचं भाषण, बोथट. माझ्या पुतणीला स्थळ आलं होतं, मुलगा बघून भाऊ म्हणाले, "चांगला आहे. पण बोथट आहे." मी चिडले, तर वर मलाच समजावतात, "अहो ताई, मी नको कुठे म्हटलं? नवरा बोथट असलेला बरा. कापत नाही." लग्न झालं. पोरगी सुखात आहे. 

इथून जवळच्या गास गावातलं त्यांचं घर. मागे वाडी, केळी, थोडी पानवेल, विहिरीशी अबोलीचे वाफे. पिढ्यान्‌पिढ्या बागायत केलेली माणसं. मी लग्न होऊन गिरगावातून इकडे आले तेव्हा केळीची पानं घ्यायला त्यांच्याकडे जायची. भाऊ पान असं कापायचे की देठाला झटका बसायचा नाही. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पडवीत बसून अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायच्या आणि अखंड बोलायच्या. भाऊ काही बोलायचे नाहीत. त्या घरात बोलण्याचं खातं वहिनींकडे होतं, धारेचं भाऊंकडे.

त्यांची एकुलती एक वैशाली. शिकली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली. दर रविवारी फोन यायचा. वहिनी तासभर बोलायच्या आणि भाऊ शेजारी बसून मधूनच म्हणायचे, "जेवली का विचार." वहिनी विचारायच्या. ती जेवलेली असायची. झालं भाऊंचं बोलणं.

तीन वर्षांमागे वहिनी गेल्या. फोन भाऊंच्या हातात आला आणि पंचाईत झाली. मी एकदा समोरच होते म्हणून सांगते. "जेवलीस का?" "हो बाबा." "थंडी आहे का?" "आहे बाबा." मग भाऊ फोनकडे बघतायत, फोन भाऊंकडे. शेवटी तीच म्हणाली, "ठेवू का?" हे म्हणाले, "ठेव." फोन ठेवल्यावर भाऊ उगाचच बसल्या जागी कोयता पुसत राहिले. कोयता स्वच्छच होता. पुढे दर रविवारचा फोन पंधरा दिवसांवर गेला. त्यात पोरीचं काय चुकलं? बोलायलाच काही नाही, तर करायचा कशाला?

आणि मग तो टोमॅटोचा रविवार आला.

वैशालीने व्हिडिओ लावून फोन ओट्यावर टेकवला होता आणि बोलता बोलता स्वयंपाक करत होती. जेवलीस का झालं, थंडी झाली. एवढ्यात तिने टोमॅटो कापायला घेतला. दातेरी सुरी, पुढे मागे, पुढे मागे, लाकूड कापावं तशी. टोमॅटोचा पार चिखल झाला. भाऊ खुर्चीतून उठले. "काय करतेस तू हे?" तीन वर्षांत त्यांनी विचारलेला पहिला नवा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आले. माझी सुरी तपासली नाही, त्यावरूनच मी समजले, काहीतरी मोठं आहे. म्हणाले, "ताई, पोरगी तिकडे करवतीने जेवण करते. तिला सुरी पाठवायची."

माझी सून केतकी घरून काम करते, तिने फोनवर शोधून दिलं. एक दुकान सापडलं, त्यात भाऊंना हवी तशीच सुरी: सरळ पातं, घट्ट बसवलेली मूठ, वजन पुढे. भाऊंनी फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. शेवटी म्हणाले, "हिला आत्मा आहे." पत्ता इंग्लंडचा घातला. लगेच उत्तर: क्षमस्व, या देशात आम्ही धारदार वस्तू पाठवत नाही, तिथले कायदे कडक आहेत.

भाऊंना वाटलं, समोरच्याला नीट कळलेलं नाही. त्यांनी केतकीला लिहायला सांगितलं की सुरी भाजीसाठी आहे. उत्तर आलं, आम्हाला आपली अडचण समजते, परंतु. मग लिहायला लावलं की मुलगी चांगल्या घरची आहे, कोणाच्या अध्यातमध्यात नसते. आम्हाला आपली अडचण समजते, परंतु. पातं फक्त दोन बोटं रुंद आहे. समजते, परंतु. शेवटी भाऊंनी तोडगा काढला, बोथट पाठवा, धार ती तिथे लावून घेईल. तरी समजते, परंतु.

केतकी म्हणाली, "काका, तिकडे माणूस नाहीये. मशीन उत्तर देतंय."

भाऊ म्हणाले, "बघ. मशीनला माझी अडचण समजते."

दुसरं दुकान झालं, तिसरं झालं. एकाने तर इंग्लंडचं नाव वाचूनच नाही म्हटलं. मी म्हटलं, अहो, ती तिकडेच विकत घेईल की. वैशालीही तेच म्हणाली. घेता येते, फक्त घरी मागवली तर आणणारा माणूस दारात वयाचा पुरावा मागतो. हे ऐकून भाऊंचं डोकंच फिरलं. बेचाळीस वर्षांची बाई, तिला भाजी चिरायला दाखला लागतो? पडवीत येरझारा घालत होते. मग एकदम थांबले आणि जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही.

"पोर घेतली त्यांनी, ताई. अख्खी पोर. तेव्हा कुठला कायदा आडवा आला नाही. आणि सुरी नको म्हणतात."

 मी आपलं पाणी दिलं.

मग भाऊ स्वतः कुरिअरच्या दुकानात गेले, मला बरोबर घेऊन. म्हणे बाईमाणूस बरोबर असलं की माणसं नीट बोलतात. स्वतःची सुरी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आत काय आहे? आता दुसरा कोणी असता तर मसाल्याच्या पिशवीत घालून पापड म्हणाला असता. भाऊंनी फडकं सोडलं, सुरी उचलली आणि सवयीप्रमाणे डावं मनगट पुढे करून म्हणाले, "धार बघा." ती बाई खुर्चीसकट भिंतीला टेकली. मागच्या रांगेतला एक जण आपलं पार्सल न देताच निघून गेला. मी पुढे होऊन सांगितलं, बाई गं, घाबरू नकोस, हे कौतुक आहे.

बिचारी चांगली होती. सावरून बसली. भिंतीवर काय काय पाठवता येत नाही त्याचा कागद होता, तो तिने वाचून दाखवला. धारदार वस्तू नाही, द्रव पदार्थ नाही, बियाणं नाही, तूप नाही. भाऊ शांतपणे ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "दगड?"

तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "दगडाबद्दल काही लिहिलेलं नाही, काका."

भाऊंनी खिशात हात घातला.

अहो, तो दगड म्हणजे त्यांच्या आजोबांचा. मधे होडीसारखा खोलगट झालेला, तीन पिढ्यांनी घासून. मी म्हटलं, भाऊ, नवा पाठवा, हा कशाला? तर म्हणाले, "नवा दगड शिकलेला नसतो. तिला येत नाही आणि दगडालाही येत नाही, मग कोण कोणाला शिकवणार?" आणि धोतराच्या त्याच फडक्यात गुंडाळून देऊन टाकला. तेव्हापासून स्वतः काय करतात माहीत आहे? चहाचा कप पालथा घालतात आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासतात. माझे दोन कप त्यांच्याकडेच आहेत. मी मागितले नाहीत.

दगड पोहोचला. तिने तिथेच एक साधी सरळ पात्याची सुरी आणली, दाखला दाखवून. आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला, तिच्या दुपारी, शाळा सुरू झाली. भाऊंचे दोन्ही हात दाखवण्यात गुंतलेले, म्हणून फोन धरायला मी. माझा हात दुखतो, पण मी सांगत नाही.

"पाणी घे. अजून. ओढू नकोस, फिरव. आवाज ऐक, आवाज बदलला की पुरे." असं भाऊ सांगत असतात. सलग! मी या माणसाला चाळीस वर्षं ओळखते, एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि खाली मान घालून सुरी फिरवता फिरवता ती पोरगीही बोलायला लागली. कामाच्या ठिकाणी तिच्या खालची माणसं कमी करतायत, पुढचा नंबर आपला की काय म्हणून तिला झोप लागत नाही. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एका रविवारी म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून मी अबोली नाही माळली." भाऊंचा हात थांबला. मग म्हणाले, "वाफे आहेत अजून. मी पाणी घालतो. दुसरी बाजू घे आता."

हात कामाला लागले की तोंड सुटतं, हे वहिनींना वळेसर करताना ठाऊक होतं. या दोघांना उशिरा कळलं.

परवाचं सांगते आणि थांबते. वैशालीने सुरी पुसली, टोमॅटो घेतला, आणि अहो, काय सांगू, नुसतं पातं टेकवलं आणि फोड सुटली. एवढी पातळ, तिने उजेडासमोर धरली तर पलीकडची तिची खिडकी दिसली. मी आयुष्यात अशी धार बघितली नाही, भाऊंच्या हातचीसुद्धा. मी त्यांच्याकडे बघितलं. आता काहीतरी चांगलं बोलतील.

भाऊंनी चष्मा लावला. फोन माझ्या हातून थोडा जवळ ओढला.  जो माणूस सत्यनारायणाच्या पुढ्यातसुद्धा सुरीबद्दल खोटं बोलला नाही, तो माणूस म्हणाला, "टोकाकडे राहिलंय अजून. पुढच्या रविवारी बघू."

वैशाली सुरीकडे बघत होती. मग वर बघून हसली थोडीशी. म्हणाली, "हो बाबा. मलाही तसंच वाटलं."

फोन बंद झाल्यावर भाऊंनी माझ्याकडे बघितलंच नाही. मीही आपलं, चहा टाकू का, एवढंच विचारलं. तुम्हीही कुठे बोलू नका हं.

घ्या, ती पपई घ्या दोन फोडी, आणलीच आहे तर. आणि आता अशी वर्षावर नेऊ नका भेट. लवकर या. रविवारीच या दुपारी, तुम्हाला गासला घेऊन जाते. भाऊंच्या पडवीत जागा पुष्कळ आहे, आणि फोन धरायला मला कोणीतरी हवंच आहे.