तंद्रीरावांचे डोळे

तंद्रीरावांनी हौसेनं माशांची टाकी आणून जेवणाच्या टेबलासमोर ठेवली, आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले. (‘तंद्रीराव’ हे नाव ऑफिसनं दिलेलं, बायकोनं ते विनातक्रार मंजूर केलं होतं.)

बायको बोलायला लागली की यांची नजर सोनेरी माशामागे निघायची. मासा डावीकडे, डोळे डावीकडे. मासा वळला की मानही वळायची. त्या निळसर उजेडात जीव कसा अलगद तरंगायचा!

"मी आत्ता काय म्हणाले?"

"अगदी बरोबर म्हणालीस."

शेवटी तिचं डोकं फिरलं. "टाकी उद्या माझ्या भावाकडे जाणार!"

"अगं, डोळे तिकडे असले तरी कान तुझ्याकडेच असतात!" तंद्रीराव टाकी अडवून उभे राहिले. दिवसभरात तेवढंच तर सुख होतं.

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नजर मोजायच्या यंत्रावर कामाला. ती म्हणाली, "मग चला यंत्रापुढे. पांढरा ठिपका दिसला की नजर झटकन तिकडे न्यायची. बाजूला लाल ठिपका चमकेल, त्याच्याकडे बघायचं नाही. असं काही चमकलं की डोळे निघायला उशीर करतात, नाहीतर वाट चुकतात. तुमचे नाही चुकले, तर टाकी राहील."

दवाखान्यात तंद्रीरावांनी यंत्रावर हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. खोलीत मऊ अंधार झाला. पांढरा ठिपका आला, हे झेपावले. लाल ठिपक्याला कल्ले फुटले, शेपटी फुटली. तो कानाशी येऊन लाडिकपणे म्हणाला, "बघा ना हो!" यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खोलीत पाणी भरलं, खुर्ची तरंगायला लागली, तरी नजर पांढऱ्या ठिपक्यावरच. (नवरेमंडळींत असा निग्रह विरळाच!)

"उठा आता," बायको म्हणाली.

पडद्यावर एक सरळ रेघ होती. कुठे वळण नाही की थरथर नाही. तंद्रीरावांची छाती फुगली. "बघ! नजर जरा तरी ढळली का?"

"ढळायला नजर होती कुठे? यंत्राला तुमचं बुबुळच सापडलं नाही. चक्क घोरत होतात."

"त्या लाल ठिपक्यामुळे गं..."

"ठिपके नंतर आले. तुमचे डोळे मिटले तेव्हा पडदा कोरा होता. मी फक्त सूचना पुन्हा सांगायला सुरुवात केली होती." तिनं यंत्र बंद केलं. "माशांवर मी उगाच आळ घेतला. टाकी राहू दे घरात. तुमचं काय करायचं, तेवढंच आता ठरवायचंय."