सामानगडाच्या किल्लेदारणीने झरा सर केला, त्याची हकीकत

समस्त थोर, धाकटे, पाण्यात उतरलेले आणि काठावर बसविलेले, यांच्या सेवेसी विज्ञापना ऐसी जे: तळ्याच्या सहलीत जे महत्कर्म जाहले, त्याविषयी कुटुंबात नाना तऱ्हेच्या वार्ता उठल्या, कोणी म्हणे आत्या हरवली होती, कोणी म्हणे आत्याला ऊन लागले होते, कोणी म्हणे तिने भावावर छत्री उगारली, ऐशियास खरा मजकूर एकदाचा कागदावर यावा म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही, घातलेच तर शोभेपुरते.

तर आत्यासाहेब म्हणजे घराण्यातील थोरली लेक, उमर वर्षे अठ्ठावन्न, हुद्दा सार्वजनिक वाचनालयाच्या दारची पिशवीदार. येणाऱ्यांच्या पिशव्या ठेवून घ्याव्या, बदल्यात नंबराचा बिल्ला द्यावा, आणि जाताना बिल्ला घेऊन पिशवी द्यावी, हे काम त्यांनी एकोणतीस वर्षे ऐसे केले की एकाची पिशवी दुसऱ्याच्या हाती कधी गेली नाही. हीच कीर्ती त्यांस नडली. कारण कुटुंब दरसाल मिनीबस करून गावाबाहेरच्या तळ्यावर स्वारीस जाई, आणि पोहोचताच धाकटे बंधू, जे एरवी शिलाई यंत्रे दुरुस्त करीत आणि सहलीत सेनापती होत, ते सतरंजी अंथरून फर्मावीत की "ताई बसेल, तिला सवय आहे." मग पिशव्या, टॉवेल, चपला, मोबाईल, डबे आणि बर्फाची पेटी ऐसा डोंगर रचला जाई, त्याचे नाव सामानगड, आणि आत्यासाहेब त्याच्या किल्लेदार. बावीस साले त्यांनी तो गड राखिला. त्या मुदतीत हल्ला एकच आला, तोही एका शेळीचा, आणि तो त्यांनी चपलेच्या एका फेकीने मोडिला.

परंतु त्यांच्या मनी एक मुराद होती. तळ्याच्या पलीकडच्या अंगास, खडकांच्या आड, छातीभर पाण्यात एक झरा तळातून वर येतो. तेथे उभे राहिले असता पायाखालची वाळू आपोआप नाचते, ऐसे ज्याने त्याने येऊन सांगावे, आणि आत्यासाहेबांनी त्याला टॉवेल देऊन ऐकावे. कुटुंबातील झाडून सारे तेथे उभे राहून आले, एक आत्यासाहेब तेवढ्या राहिल्या. त्याकरिता त्यांनी पोहण्याचा निळा पोशाख गुपचूप खरेदी केला, आणि गेली तीन साले दर स्वारीस तो कपड्यांच्या आतून चढविला, आणि तिन्ही खेपांस तो कोरडा घरी आला.

यंदा त्यांनी मिनीबसमध्येच अर्ज गुदरला की "मी म्हणते, या वेळी मी पण झऱ्यापर्यंत जाऊन येते." सेनापतींनी जागच्या जागी मंजुरी दिली की जा की, तुला अडवलंय कोणी, फक्त सामानाला कोण बसणार तेवढं ठरव. मग खलबत जाहले. भावजयीने कळविले की आपण आनंदाने बसलो असतो परंतु आपणास ऊन बाधते, आणि ऐसे बोलोन पाच तास उन्हात डुंबण्याकरिता हातापायांस मलम चोळावयास घेतले. पुतणीने कळविले की नवऱ्याला एकट्याला पाण्यात सोडवत नाही. जावईबापू नवे, चार महिन्यांचे, ते भाबडेपणाने "मी बसतो की" म्हणाले, तो सासूबाईंनी, म्हणजे याच भावजयीने, त्यांस गप्प केले की जावयाला कोणी सामानाला बसवतं का, लोक तोंडात शेण घालतील. येणेप्रमाणे सर्वांची मते एकत्र करता निवाडा ऐसा निघाला की आत्यासाहेबांनी खुशाल झऱ्यावर जावे आणि सामानापाशी बसावे.

आता ध्यानी धरावयाची बाब ही की सारे घराणे चष्म्याचे, आणि चष्मेही ऐसे की काचांची जाडी पाहून दुकानदाराने कीव येऊन आधी पाणी विचारावे. गेल्या साली सेनापतींचा चष्मा तळ्याने गिळिला, तेव्हापासून हुकूम की पाण्यात शिरण्यापूर्वी चष्मे गडावर जमा करावे. जमा केले म्हणजे हातभरावरचा चेहरा ओळखू येत नसे, आणि पाच पावलांपलीकडे माणूस उभा आहे की म्हैस, हे त्यांस कळत नसे, आणि लाजेखातर दोघांसही ते हात करीत. एक आत्यासाहेबांचा चष्मा तेवढा नाकावर कायम.

फौज पाण्यात शिरली. आत्यासाहेबांनी एक डबा उघडिला, मग मिटला. मग त्यांच्या चित्ती प्रकाश पडला की आपण येथे बसलो आहो हे या आंधळ्या कोशिंबिरीस कळते कशावरून, तर टोपीवरून. मग त्यांनी साऱ्या पिशव्यांचे बंद एकात एक ओवून वाचनालयातली गाठ मारली, जी सोडविण्यास एका चोरास दुसरा चोर बोलवावा लागे. आणि बर्फाच्या पेटीवर टॉवेल रचिले, मध्ये मिटलेली छत्री रोविली, तीस आपला पिवळा कुडता घातला, वरती रुंद काठाची टोपी ठेविली आणि चार पावले मागे सरून पाहिले, तो तोतया हुबेहूब, बसण्यात तर अस्सलाहून अधिक ऐटदार.

मग निळ्या पोशाखात खासा स्वारी निघाली. घोटाभर पाण्यात पाऊल पडते न पडते तो भावजयीने लांबून हाक दिली की "ताई, वाजले किती?" तोतया काही बोलेना. तेव्हा भावजय पुतणीस म्हणाली, "झोपल्या वाटतं. बरंय बाई, यांना कुठेही झोप लागते." आत्यासाहेब हे ऐकत तिच्या डाव्या हाताने पार जाहल्या.

परंतु कंबरभर पाण्यात संकट उभे राहिले. जावईबापूंची नजर धडधाकट, चष्म्याचा संबंध नाही. त्यांनी एकवार काठावरील टोपीकडे पाहिले, एकवार पाण्यातील आत्यासाहेबांकडे पाहिले.

"जावईबापू, तुम्ही काही पाहिलं नाहीये."

"आत्या, लग्न झाल्यापासून मी काहीच पाहत नाही."

ऐसा तह जाहला, आणि जावईबापूंनी नजराणा म्हणोन आपली रबरी ट्यूब पेश केली, आणि पुतणीस कमळे दाखवावयाच्या मिषाने दुसऱ्या अंगास नेले. कमळे तेथे नव्हती.

मग खडकांची रांग आली. खडक शेवाळलेले, आत्यासाहेबांचा पाय सटकला, ट्यूब निसटली, आणि त्या कलंडतात तो एका हाताने त्यांस सावरिले. पाहतात तो खुद्द सेनापती.

"जपून मॅडम, शेवाळं आहे. हात सोडू नका."

आणि बंधूंनी परक्या बाईचा म्हणोन तो हात इतक्या अदबीने धरिला की सख्ख्या बहिणीचा तैसा कधी धरिला नव्हता, आणि एकेक खडक पार करवीत नेले, आणि झरा जणू वडिलार्जित वतन ऐशा थाटात त्याची माहिती सांगितली.

"पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"हं," आत्यासाहेब बोलल्या.

"आमच्या ताईला आणायला पाहिजे होतं. ती बघा, टोपीवाली. बावीस वर्षं येतेय, एकदा पाण्यात उतरली नाही. आवडच नाही तिला."

आता मोठा पेच पडला. झरा पाच पावलांवर राहिला. गुमान राहावे तर मोहीम फत्ते, तोंड उघडावे तर डाव फुटतो. आत्यासाहेबांनी झऱ्याकडे पाहिले, आणि डाव फोडिला.

"तिला कधी विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? ती आपली..." आणि सेनापती थांबले. "आज बसमध्ये म्हणत होती काहीतरी."

"काय म्हणत होती?"

 तो सेनापतींस आवाजाचा संशय आला आणि ते पुढे झुकले, इतके की नाकास नाक लागावयाचे राहिले.

"ताई?"

"हं."

"मग तिकडे कोण बसलंय?"

"छत्री."

"आणि सामान?"

"बावीस वर्षं मी बघितलं. आता तू बघ."

 सेनापतींनी हात सोडिला नाही. मग म्हणाले, "पुढे खोलगट आहे. टाच रोवून उभी राहा. घाई करू नकोस, मी बसतो तिकडे." आणि मग हात सोडून, मान खाली घालोन काठाकडे कूच केले.

परंतु नजर अधू, काठ लांब. सेनापती गड चुकले आणि तीन सतरंज्या पलीकडे, एका अनोळखी कबिल्याच्या सामानात जाऊन विराजमान जाहले. तेथे कोणी आजोबा टोपी घालून निजले होते. सेनापतींनी त्यांस छत्री समजोन त्यांची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली, आणि अंगाखालचा टॉवेल ओढावयास घेतला. आजोबा उठोन काय बोलिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आत्यासाहेबांनी हा सारा प्रकार चष्म्यातून साफ पाहिला, हाक मारावी ऐसे मनी आणिले, आणि मग राहू दिले.

आणि मग पाच पावले चालोन गेल्या. पहिल्या चार पावलांस काही विशेष जाहले नाही. पाचव्यास टाच रोविली तो तळव्याखालची वाळू हलली, मग बोटांमधून वर आली, मग दोन्ही पायांभोवती फिरो लागली, जैसे खाली कोणी हळूहळू फुंकर घालीत आहे, आणि आत्यासाहेब मोठ्याने हसल्या. ते हसणे काठापर्यंत पोहोचले. सेनापतींनी आजोबांची समजूत काढता काढता मान वर केली आणि ज्या दिशेने हसू आले तिकडे अदमासाने हात केला.

येणेप्रमाणे रविवारी दुपारी बारा वाजोन दहा मिनिटांनी झरा सर जाहला. मनुष्यहानी नाही, टोपी ओढल्याने आजोबांचा एक कान लाल. सामानगडावरील जिन्नस तपासता एकही उणा नाही, सबब पहारा कशासाठी होता याची चौकशी कुटुंबात सुरू आहे. परत फिरण्याविषयी काठावरून तीन हाका आल्या, तिन्ही आत्यासाहेबांस स्पष्ट ऐकू आल्या, आणि तिन्ही त्यांनी नामंजूर केल्या. पाणी गार आहे ऐसे त्यांनी स्वमुखे जाहीर केले. आजवर ही खबर त्यांस दुसऱ्यांकडून येत असे. मुक्काम छातीभर पाणी.